कच्छच्या बेंटोनाइटपासून ड्रिलिंग मड तयार करताना या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस कच्छमधील मांडवी तालुक्यातल्या एका खाणमालकांनी वडोदऱ्याजवळच्या आमच्या मकरपुऱ्यातील प्रयोगशाळेत बेंटोनाइटच्या, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या, प्रक्रिया केलेल्या दोन पिशव्या पाठवल्या होत्या. विहीर खोदताना तिच्यात फिरवायचा दाट द्रव, म्हणजे ड्रिलिंग मड, याच मातीपासून करतात. माती एकाच खाणीची, तिच्यात मिसळायची सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) एकाच कंपनीची, सोड्याचे प्रमाण दोन्ही खेपांत शेकडा ३ आणि मळणारी माणसेही तीच. तरीही दाटपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरवर ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेऱ्यांना) पहिल्या पिशवीतल्या मालाचा आकडा ३४ आला आणि दुसऱ्या पिशवीतल्या मालाचा १९; मानकाला किमान ३० हवा असतो. दुसऱ्या खेपेला भेसळीचा सोडा मिळाला, असा मालकांचा कयास होता आणि ते पुरवठादाराशी भांडायच्या तयारीत होते. सोडा तपासला, तो उत्तम होता. चूक कोठे झाली ते पुढे ओघाने येईल. पण गेली कित्येक वर्षे असे नमुने तपासताना माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडची बहुतेक बिघडलेली खेप माती वाईट म्हणून बिघडत नाही, तर सोड्याचे प्रमाण समोरच्या मातीवरून न ठरवता जुन्या वहीतल्या आकड्यावरून ठरवल्यामुळे बिघडते.

याचे एक कारण आपल्या हातातल्या परदेशी पुस्तकांत आहे. ती पुस्तके अमेरिकेतील वायोमिंगच्या मातीला धरून लिहिलेली आहेत आणि ती माती निसर्गतःच सोडियमयुक्त असते. ती दळून पाण्यात टाकली की फुगते, त्यामुळे तिच्यावर काय प्रक्रिया करावी याचा विचार त्या पुस्तकांत एखाद्या परिच्छेदापुरता येतो. कच्छमधील बेंटोनाइट दख्खनच्या बेसाल्टशी निगडित आहे, त्यात लोहाचे प्रमाण बरेच असते, आणि तिथल्या काही खड्ड्यांतील माती सोडियमकडे झुकलेली, काही खड्ड्यांतील कॅल्शियमने भरलेली तर काही ठिकाणी एकाच भिंतीत दोन्ही थर एकाखाली एक असतात. राजस्थानातील बाडमेरची माती आणखी वेगळी. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागल्यापासून वडोदऱ्याच्या चहूबाजूंनी विहिरी खोदल्या जात आहेत आणि त्यांना लागणारी माती शेजारच्याच कच्छात आहे. तेव्हा या मातीचे स्वभाव आपणच ओळखायला हवेत.

सगळी माती एकच मानणे

पहिली चूक खाणीतच होते. पिवळसर, हिरवट आणि तांबूस अशा तिन्ही थरांची माती एकाच ढिगावर पडते, वरच्या आवरणातली वाळू आणि खालचे न कुजलेले बेसाल्टचे खडे त्यातच मिसळतात, आणि मग त्या ढिगाची 'सरासरी' माती म्हणून प्रक्रिया होते. सरासरी ही कागदावर असते. मळणीच्या वेळी एका ट्रॉलीत कॅल्शियमची माती येते आणि दुसरीत सोडियमची. पहिलीला सोडा अपुरा पडतो आणि दुसरीला अति होतो, म्हणून एकाच खेपेच्या दोन गोण्या निराळ्या वागतात. खड्डा आणि थर यांप्रमाणे ढीग वेगळे ठेवणे आणि प्रत्येक ढिगावर खुणेची पाटी लावणे यांना जागा लागते हे खरे, परंतु त्याला दुसरा पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

कॅल्शियम न मोजता सोडा घालणे

बेंटोनाइटमधील मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट हे अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असते. या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो आणि तो भागवण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे धन आयन बसलेले असतात. दोन प्रभारांचा कॅल्शियम शेजारच्या पापुद्र्यांना धरून ठेवतो, त्यामुळे पाण्यात टाकल्यावरही त्यांच्यातील अंतर सुमारे १९ अँगस्ट्रॉमपाशी अडते. सोडियमवर एकच प्रभार असल्याने त्याची पकड सैल असते. तेथे हेच अंतर ४० अँगस्ट्रॉमच्या पलीकडे जाते आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटून पाण्यात पसरतात. मडला दाटपणा आणि विहिरीच्या भिंतीवर पातळ, घट्ट केक (मातीचा लेप) देणारे हेच सुटलेले पापुद्रे होत. सोडा ॲशचे काम इतकेच की तिच्यातील सोडियमने कॅल्शियमची जागा घ्यावी आणि बाहेर पडलेल्या कॅल्शियमने कार्बोनेटबरोबर न विरघळणारा चुनखडीचा कण होऊन बाजूला बसावे. हे एकदा लक्षात आले की सोड्याचे प्रमाण अंदाजाचे राहत नाही, हिशेबाचे होते.

हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम कोरड्या मातीत जागा बदलू शकणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ५५ मिलीइक्विव्हॅलंट (आयनांचा प्रभार मोजण्याचे एकक) असेल, तर सोडा ॲशचा तुल्यभार ५३ असल्यामुळे ५५ गुणिले ०.०५३ म्हणजे साधारण २.९ ग्रॅम शुद्ध सोडा लागेल. तेच ३५ असेल तर १.९ ग्रॅमही पुरेल आणि ७० असेल तर ३.७ ग्रॅम लागतील. म्हणजे 'शेकडा ३' हा आकडा एका मातीला योग्य, दुसरीला दीडपट आणि तिसरीला अपुरा ठरतो.

याच हिशेबात जिप्सम धरायला बहुतेक जण विसरतात. कच्छच्या काही मातींत जिप्समचे चकाकणारे बारीक स्फटिक डोळ्यांना दिसतात. १ किलो जिप्सम सुमारे ६१६ ग्रॅम सोडा फुकट खाऊन टाकते. म्हणजे मातीत शेकडा २ जिप्सम असेल तर १०० किलो मातीमागे सव्वा किलो सोडा पापुद्र्यांपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. सोडा वाढवूनही दाटपणा वाढत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी प्रथम मातीचे ढेकूळ फोडून उन्हात धरायला सांगतो.

मातीची एकूण विनिमय क्षमता, म्हणजे आयनांची अदलाबदल होऊ शकेल अशा जागा, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने काढतात. १ ग्रॅम कोरडी माती पाण्यात चांगली विखुरून, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून १० मिनिटे मंद उकळावी आणि थंड झाल्यावर ०.०१ नॉर्मल रंगाचे द्रावण अर्ध्या अर्ध्या मि.ली.ने घालत जावे. दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवायचा. सुरुवातीला मध्ये गडद निळा ठिपका आणि त्याच्याभोवती बिनरंगी ओल एवढेच दिसते. क्षमता भरत आली की त्या ठिपक्याच्या कडेने आकाशी, किंचित हिरवट कडे उमटते. नवशिक्या मुलांची घाई येथेच नडते. कडे दिसले की ते ब्युरेट बंद करून आकडा लिहितात. वास्तविक आणखी २ मिनिटे हलवून पुन्हा थेंब ठेवायचा असतो. पुष्कळदा तेवढ्यात माती तो रंग पिऊन टाकते आणि कडे नाहीसे होते. दुसऱ्या थेंबालाही कडे टिकले तरच चाचणी संपली. १ ग्रॅम माती घेतल्यास जितके मि.ली. रंग लागला तितकीच १०० ग्रॅममागे क्षमता मिलीइक्विव्हॅलंटमध्ये येते. चांगल्या बेंटोनाइटला ती ७० ते १०० च्या दरम्यान मिळते. ४५-५० आली तर त्या मातीत वाळू आणि इतर खनिजांचा भरणा आहे असे समजावे, तिला कितीही सोडा घातला तरी ती उत्तम माल देणार नाही. (आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापलेल्या कलाभवनात रसायनाबरोबर कापडाची रंगाई शिकवली जात असे. त्याच परंपरेच्या तंत्रशाळेत शिकताना आमच्या सरांनी आम्हाला सांगितले होते की रंग कापडावर बसतो तसाच मातीवर बसतो, आणि दोन्हीकडे उतावीळ माणूस फसतो.)

मिथिलीन ब्लूने एकूण जागा किती ते कळते. त्या जागांवर कोण बसले आहे ते कळत नाही. त्यासाठी आयनांचे पृथक्करण करता आले तर उत्तम, न आल्यास बरण्यांची चाचणी करावी. त्याच ढिगातील मातीचे आठ भाग करून त्यांना कोरड्या वजनावर शेकडा १, १.५, २ असे करत ४.५ पर्यंत सोडा द्यावा, प्रत्येक भाग सारखा मळावा, सारखाच मुरवावा आणि वाळवून, दळून सर्वांचे ६०० चे आकडे व फिल्ट्रेट (दाबाखाली मडमधून गळणारे पाणी) एकाच कागदावर मांडावेत. आकडा चढत जातो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि पुढे उतरू लागतो. शिखरावरच बसण्याचा मोह टाळून त्याच्या किंचित अलीकडचे, फिल्ट्रेट मर्यादेत ठेवणारे प्रमाण निवडावे, कारण कारखान्यातील मिश्रण बरणीइतके एकजीव कधीच होत नाही आणि शिखरापलीकडची घसरण चढणीपेक्षा जास्त त्रास देते.

ओल्या मातीचे वजन धरणे

आता सुरुवातीच्या त्या दोन पिशव्यांकडे वळतो. दोन्ही खेपांना शेकडा ३ सोडा घातला होता, परंतु तो ट्रकच्या काट्यावरील वजनावर. पहिल्या खेपेची माती दोन महिने उन्हात पडलेली होती, तिच्यात ओल शेकडा ८ होती; १० टन मातीत कोरडी माती ९.२ टन, आणि तिला हवा होता २७६ किलो सोडा. घातला ३०० किलो, म्हणजे फरक सोसण्यासारखा. दुसरी खेप खड्ड्याच्या तळातून ताजी काढलेली होती आणि तिच्यात ओल शेकडा ३२ निघाली. १० टनांत कोरडी माती अवघी ६.८ टन, तिला लागत होता २०४ किलो, म्हणजे ५० किलोच्या चार गोण्या आणि वर चार किलो. घातल्या गेल्या सहा गोण्या. कोरड्या वजनावर हे प्रमाण शेकडा ४.४ होते, शिखराच्या बरेच पलीकडे. सोडियम गरजेपेक्षा फार वाढले की पापुद्र्यांभोवतीचे पाण्याचे आवरण आक्रसते, पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटून पुंजके होतात, दाटपणा उतरतो आणि फिल्ट्रेट वाढते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र आकडा कमी दिसतो आणि तो आणखी सोडा घालतो. चुकीवर चूक चढते ती अशी.

ओल मोजायला तराजू आणि १०५ अंशांची भट्टी एवढेच लागते. प्रत्येक ट्रकचा ओलीचा आकडा घेतल्याशिवाय सोड्याची गोणी फोडू नये. मात्र त्या भट्टीतून निघालेली माती दाटपणाच्या चाचणीसाठी वापरू नये. चाचणीचा नमुना ६० अंशांच्या आसपासच वाळवावा.

सोडा आणि त्याची साठवण

गुजरातेत मिठापूर, पोरबंदर, सूत्रापाडा, ध्रांगध्रा येथील सोडा ॲशच्या उद्योगामुळे चांगल्या सोड्याची आपल्याला वाण नाही. बिघडतो तो आपल्या गोदामात. उघड्या गोणीतला सोडा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचे खडे होतात आणि त्याचा काही भाग बायकार्बोनेटमध्ये बदलतो, म्हणजे तेवढ्याच वजनात काम करणारा सोडा कमी उरतो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेआधी आम्लाशी टायट्रेशन करून शुद्धता पाहावी. सोडा संपला म्हणून त्याच्या जागी कॉस्टिक सोडा घालणे ही तर सरळसरळ चूक आहे. कॉस्टिकमुळे पीएच वर जाते, पण सुटलेल्या कॅल्शियमला बांधून खाली बसवायला कार्बोनेटच नसते.

कोरडे मिसळणे आणि घाईने वाळवणे

दळताना गिरणीच्या तोंडाशीच सोड्याची भुकटी सोडून दिली की काम झाले, असे मानणारे कारखाने मी पाहिले आहेत. सोडियमला पापुद्र्यांमध्ये शिरायला पाणी लागते. कोरड्या भुकटीत मातीचा कण आणि सोड्याचा कण नुसते शेजारी शेजारी बसलेले असतात आणि खरी अदलाबदल मडच्या टाकीवर ढकलली जाते, जेथे पाणी भरपूर, माती थोडी आणि वेळ त्याहून थोडा असतो. प्रक्रिया व्हायची ती मातीत ३० ते ३५ टक्के ओल असताना, ती दाबून मळल्यावर. पोळ्यांची कणीक घरोघरी कशी करतात ते आठवावे. पाणी घालून नुसती कालवलेली कणीक आणि नीट मळून झाकून ठेवलेली कणीक यांच्या पोळ्यांत जो फरक पडतो, तोच येथेही पडतो. मळण्याच्या यंत्राच्या जाळीतून दाबून निघालेल्या शेवया हाताने मोडून पाहाव्यात. आत पांढरे ठिपके दिसले तर सोडा एकजीव झालेला नाही, ती माती पुन्हा यंत्रातून काढावी.

मळल्यावर माती काही दिवस मुरू द्यावी लागते. कच्छात माती पटांगणात पसरून, सोडा टाकून, ट्रॅक्टरने उलथीपालथी करून उन्हात वाळवण्याची रीत आहे. ती स्वस्त आहे आणि कोरड्या दिवसांत ती चालतेही, परंतु तिचे दोन धोके आहेत. एक, वरचा थर दोन दिवसांत कडक होतो आणि आतल्या मातीला मुरण्याइतकी ओल उरत नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस ढीग झाकून ठेवावा आणि मगच पसरावा. दुसरा धोका पावसाचा. सोडा पाण्यात विरघळतो. जूनमधली एक सर ढिगाच्या माथ्यावरचा सोडा धुऊन पायथ्याशी नेते आणि मग एकाच ढिगात अर्धी माती उपाशी व अर्धी अजीर्ण झालेली सापडते.

यांत्रिक वाळवणीत घाई झाली की माल जळतो, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. गरम हवेच्या भट्टीत तापमान वाढवून ओल शेकडा ३-४ पर्यंत उतरवली तर पापुद्रे इतके घट्ट मिटतात की पुढे पाण्यात सहज उघडत नाहीत. गोणीत भरताना शेकडा १० च्या आसपास ओल असणे चांगले. एवढी ओल राहिली म्हणजे वजनात लबाडी झाली, असे खरेदीदारानेही मानू नये.

चाचणीतील चुका

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय १३ए या मानकात ड्रिलिंगच्या बेंटोनाइटसाठी ३५० मि.ली. आयनविरहित पाण्यात २२.५ ग्रॅम माती घेऊन केलेल्या मिश्रणाचा ६०० आरपीएमचा आकडा किमान ३०, यील्ड पॉइंट (मड वाहू लागण्यासाठी लागणारा जोर) आणि प्लॅस्टिक व्हिस्कॉसिटी (वाहताना होणारा अडथळा) यांचे गुणोत्तर जास्तीत जास्त ३, फिल्ट्रेट जास्तीत जास्त १५ मि.ली. आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीवरील अवशेष जास्तीत जास्त शेकडा ४ अशा मर्यादा आहेत. त्याच मानकातील ओसीएमए श्रेणीत, जी प्रक्रिया केलेल्या मातीला उघडपणे मान्यता देते, गुणोत्तर ६ पर्यंत आणि फिल्ट्रेट १६ मि.ली. पर्यंत चालते, पण अवशेषाची मर्यादा कडक, म्हणजे २.५, आहे.

यात तीन ठिकाणी लोक घसरतात. मिश्रण २० मिनिटे घुसळताना मध्येच थांबून भांड्याच्या कडांची माती खरवडून आत ढकलायची असते. ती न खरवडल्यास पाण्यात २२.५ ऐवजी २०-२१ ग्रॅमच माती उरते. दुसरे, मिश्रण १६ तास मुरवून, पुन्हा ५ मिनिटे घुसळून मगच आकडा घ्यायचा असतो. तिसरी चूक फिल्टर प्रेसवरची. पहिल्या साडेसात मिनिटांत पडलेले पाणी सोडून द्यायचे आणि तेथपासून ३० व्या मिनिटापर्यंत जमलेल्याची दुप्पट करायची, ही या मानकाची रीत. विहिरीवरील मडच्या नेहमीच्या चाचणीत पूर्ण ३० मिनिटांचे पाणी मोजतात. एकाने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने मोजून महिनाभर पत्रव्यवहार केल्याची उदाहरणे माझ्या फाइलीत आहेत.

पायलिंगसाठी (बांधकामाच्या पायाचे खोल खांब घालण्यासाठी) घेतलेल्या बेंटोनाइटचा दाखला ड्रिलिंगसाठी दाखवू नये, एवढेच येथे नोंदवतो. त्यासाठीच्या आयएस २९११ या भारतीय मानकात द्रवसीमा, घनता, मार्श फनेलमधून (नरसाळ्यातून) वाहायला लागणारे सेकंद आणि पीएच पाहतात. त्यावरून फिल्ट्रेट आणि अवशेष यांचा अंदाज येत नाही.

पॉलिमरने कमकुवत माती झाकणे

याविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. सोड्याने आकडा ३० वर आला नाही की अनेक जण त्यात थोडे सीएमसी (कार्बोक्झिमिथिल सेल्युलोज) किंवा गवार गम असे दाटपणा देणारे पॉलिमर मिसळतात. प्रयोगशाळेत माल उत्तीर्ण होतो. प्रक्रिया केलेल्या मालात पॉलिमर असणे हा गुन्हा नव्हे. ते न सांगणे हा मात्र विहिरीवर काम करणाऱ्या माणसांशी केलेला दगा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका खेपेचा मड एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत आंबला. टाकीवर उभे राहवत नव्हते इतका वास सुटला, दाटपणा निम्म्यावर आला, आणि नळ जोडण्यासाठी पंप थांबवला की कापलेल्या खडकाचा चुरा तळाशी बसू लागला. पाइप अडकण्याचा धोका असतो तो याच घटकेला. गवार गम जिवाणूंचे अन्न आहे आणि उष्णतेत ते फार टिकत नाही. त्याच्या भरवशावर उभा राहिलेला दाटपणा त्याच्याबरोबरच जातो.

असा माल ओळखता येतो. यील्ड पॉइंटचे गुणोत्तर मर्यादेच्या टोकाशी आणि मिथिलीन ब्लूची क्षमता ५० च्या आत असूनही ६०० चा आकडा ३३ असेल, तर दाटपणा मातीचा नाही. अप्रक्रियित श्रेणीसाठी मानकात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून पापुद्रे पूर्ण विखुरल्यावर पुन्हा मापे घेण्याची जी चाचणी आहे, तीही करून पाहावी. खरेदीदारांनी करारात एक ओळ घालावी, की घातलेले प्रत्येक पूरक द्रव्य आणि त्याचे प्रमाण पुरवठादाराने गोणीवर लिहावे.

विहिरीवरचे पाणी

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेली माती साइटवर फुगत नाही, तेव्हा आधी पाणी पाहावे. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम पापुद्र्यांमध्ये परत जाऊन बसते आणि कारखान्यात सोड्यावर केलेला सारा खर्च उलटा फिरतो. पाण्यात दर लिटरला १८० मि.ग्रॅ. कॅल्शियम असेल, तर त्याच्या २.६५ पट म्हणजे ४७७ मि.ग्रॅ. सोडा लागतो, ४० घनमीटरच्या टाकीला साधारण १९ किलो. मॅग्नेशियमसाठी कॉस्टिकने पीएच १०.५ च्या आसपास न्यावे लागते, कॉस्टिकची योग्य जागा ही आहे. पाणी आधी मऊ करावे, मग हॉपरमधून (माती ओतायच्या नरसाळ्यातून) माती सावकाश सोडावी, तिला निदान एक रात्र फुगू द्यावे, आणि त्यानंतरच पॉलिमर वा मीठ घालावे. हा क्रम उलटला की पॉलिमर आधीच पाणी अडवून बसतो आणि मातीच्या गुठळ्या बाहेरून चिकट व आतून कोरड्या राहतात.

सिमेंटचा प्लग खोदून पुढे जाताना मड एकाएकी घट्ट झाला, तर दोष मातीला देऊ नये. सिमेंटमधून कॅल्शियम आणि अतिशय चढे पीएच दोन्ही एकदम येतात. तेथे सोडा ॲशऐवजी खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, हा योग्य उतारा आहे, कारण तो कॅल्शियम बांधतो आणि पीएचही खाली आणतो.

बिघडलेली खेप समोर असताना

आकडा कमी आलेल्या मालाचे काय बिनसले आहे ते शोधण्यासाठी मी तीन भांडी मांडतो. पहिल्यात २२.५ ग्रॅम माल जसाच्या तसा, दुसऱ्यात तेवढाच माल आणि ०.२ ग्रॅम सोडा, आणि तिसऱ्यात १५ ग्रॅम माल व त्याच ढिगातील साडेसात ग्रॅम कच्ची माती. रात्रभर मुरवून सकाळी तिन्ही मोजायची. दुसऱ्या भांड्याचा आकडा चढला तर सोडा कमी पडला होता. दुसऱ्याचा उतरला आणि तिसऱ्याचा चढला तर सोडा जास्त झाला होता. तिन्ही जवळपास सारखीच राहिली तर सोड्याचा विषय सोडून द्यावा आणि वाळू, जळलेली माती किंवा मूळची कमी क्षमता यांपैकी काय आहे ते पाहावे.

मांडवीच्या त्या दुसऱ्या पिशवीत पहिल्या भांड्याचा आकडा १९, दुसऱ्याचा १६ आणि तिसऱ्याचा २७ आला. उपाय हिशेबातूनच निघाला. ३०० किलो सोडा शेकडा ३ ने १० टन कोरड्या मातीला पुरतो, खेपेत होती ६.८ टन, तेव्हा त्याच थराची ३.२ टन कोरडी भरेल इतकी कच्ची माती मिसळून सगळा माल पुन्हा ओला करून मळायला सांगितला. मालकांना पाऊस येण्याची धास्ती होती, म्हणून पटांगणाऐवजी पत्र्याच्या शेडमध्ये चार दिवस मुरवून पुढे वाळवला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या नमुन्याचा आकडा ३१ आणि फिल्ट्रेट १४.५ मि.ली. भरले. अवशेष मात्र शेकडा ४.६ निघाला, कारण मिसळलेल्या मातीत तळाच्या बेसाल्टचा चुरा आला होता, आणि त्यावर सोड्याचा इलाज चालत नाही. तो माल पुन्हा गिरणीच्या हवेच्या वर्गीकरणातून काढून खडे वेगळे केल्यानंतरच गोण्या शिवल्या गेल्या.